खोकला लपवावा लागणार नाही, असे नियम करा

उपनगरातल्या एका कबड्डी मंडळाच्या कार्यवाहांनी विचारलं आहे. साठेक मुलंमुली, शाळेच्या हॉलमध्ये संध्याकाळी तीन बॅच, स्वतःचा डॉक्टर नाही. कोविडसारखी साथ पुन्हा आली तर धावपळ नको म्हणून त्यांना आत्ताच नियमावली करून ठेवायची आहे. हाताशी २०२१ ची जुनी नियमावली आहे. तिच्यात गेटवर थर्मल गन, मॅटवर फवारणी, स्पर्धेआधी ७२ तासांतला आरटी-पीसीआर आणि लक्षणं लपवणाऱ्याला वर्षभर बंदी अशी कलमं आहेत. यातलं काय ठेवायचं, काय काढायचं, कोणाला किती दिवस घरी बसवायचं आणि टेस्ट कधी करायची, असा त्यांचा प्रश्न.

मी फिजिशियन आहे. बावीस वर्षं स्थानिक कबड्डी स्पर्धांना मैदानावरचा डॉक्टर म्हणून बसतो आहे आणि साथीच्या काळात कोविड केंद्रात काम केलं आहे. सुरुवात शेवटच्या कलमापासून करतो, कारण सगळ्यात आधी तेच काढायला हवं.

डिसेंबर २०२१ चा शेवटचा आठवडा होता. एका मंडळात निवड चाचणी चार दिवसांवर आली होती. एकोणीस वर्षांचा एक चांगला चढाईपटू, घसा खवखवत होता, अंग मोडून आलं होतं. त्याने दुपारी पॅरासिटामॉलची गोळी घेतली आणि संध्याकाळी सरावाला आला. गेटवर थर्मल गन कपाळाला लावली, ताप नाही, आत सोडलं. दीड तास चढाया-पकडी झाल्या. पाच दिवसांत त्या बॅचमधली चौदापैकी नऊ मुलं आजारी पडली आणि त्यांतल्या एकाच्या आजोबांना ऑक्सिजनवर ठेवावं लागलं. आजोबा वाचले. नंतर मी त्या मुलाला बाजूला घेऊन विचारलं, "बाळा, सांगितलं का नाहीस?" तो म्हणाला, "डॉक्टर, सांगितलं असतं तर नाव कापलं असतं. गेल्या वर्षी एकाचं कापलं होतं."

त्या मंडळातही बंदीचं कलम होतं. त्या कलमामुळे मुलं खरं बोलायला लागली नाहीत, उलट गोळी घेऊन यायला शिकली. महाराष्ट्राला हे नवं नाही. १८९७ च्या प्लेगात पुण्यात घरोघर झडत्या सुरू झाल्या, तेव्हा लोकांनी आजारी माणसं लपवली. २०२० च्या मार्चमध्ये परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर होम क्वारंटाइनचा शिक्का मारायला सुरुवात झाली. शिक्क्यामागचा हेतू चांगलाच होता, पण शिक्का दिसला म्हणून माणसाला रेल्वेतून खाली उतरवल्याच्या बातम्या आपण वाचल्या आणि शाई कशाने जाते हे लोक एकमेकांना विचारू लागले. जिथे सांगण्याची किंमत सांगणाऱ्याला मोजावी लागते, तिथे कोणतीही चाचणी तुम्हाला वाचवत नाही. तुमच्याकडे चाचणीला येतात ते न लपवणारेच.

म्हणून नियमावलीचं पहिलं पान आश्वासनांचं असू द्या, आणि कार्यकारिणीच्या ठरावाने ती पक्की करा. आजारपणाने निवड चाचणी चुकली, तर त्या मुलाची चाचणी तो बरा झाल्यावर स्वतंत्र घेतली जाईल आणि तोवर संघातली एक जागा मोकळी ठेवली जाईल. जितके दिवस घरी बसला, तितक्या दिवसांची फी पुढच्या महिन्यात वळती होईल. संघ बाहेरगावी जाणार असेल आणि तो जाऊ शकला नाही, तर भरलेले प्रवासाचे पैसे परत मिळतील. जिल्हा संघटनेच्या तारखा तुमच्या हातात नसतात, मान्य. पण तुमच्या मंडळाचा संघ कोण निवडतो? तुम्हीच ना? निदान तेवढं तरी लिहून द्या.

दुसरी गोष्ट, कळवायचं कोणाला. प्रशिक्षकांना नको. त्यांचं प्रेम कितीही असलं, तरी संघ त्यांनाच निवडायचा असतो आणि मुलाला ते पक्कं माहीत असतं. मंडळातली एक शांत, विश्वासाची व्यक्ती नेमा, पुढे तिला 'ताई' म्हणतो. एखादी निवृत्त परिचारिका, एखाद्या खेळाडूची आई, जुना खेळाडू, कोणीही चालेल. निवडीशी संबंध नको, एवढीच अट. मुलाने किंवा पालकांनी तिला फोन करायचा, आणि ती प्रशिक्षकांना फक्त "अमुक दहा दिवस येणार नाही" एवढंच सांगेल. ग्रुपवर नाव टाकायचं नाही. मेसेज साधारण असा असावा: "मंगळवारी सात ते साडेआठच्या बॅचमधल्या एका व्यक्तीची टेस्ट पॉझिटिव्ह आली आहे. त्या दिवशी मॅटवर असलेल्या सर्वांनी शनिवारपर्यंत सरावाला येऊ नये. घसा, ताप, अंगदुखी, काहीही वाटलं तर ताईंना फोन करावा. कोण, हे कृपया विचारू नये." मुलं अंदाज बांधतीलच, ते थांबवता येत नाही. पण मंडळाने नाव घेतलं नाही याची नोंद प्रत्येक घर ठेवतं आणि पुढचा फोन त्यामुळेच येतो. अठरा वर्षांखालच्या मुलांची टेस्ट करायची असेल किंवा रिपोर्ट ठेवायचा असेल, तर पालकांची लेखी संमती घ्या आणि साथ ओसरली की ते कागद फाडून टाका.

आता दिवसांचा हिशेब. त्याआधी दोन शब्द वेगळे करा, कारण त्या काळात सगळ्यांनी सगळ्याला 'क्वारंटाइन' म्हटलं आणि घोळ झाला. ज्याला आजार झाला आहे त्याला वेगळं ठेवणं म्हणजे विलगीकरण. जो आजारी माणसाच्या सहवासात आला, पण अजून ठणठणीत आहे, त्याने घरी थांबून वाट पाहणं म्हणजे अलगीकरण. दोन्हींचे दिवस वेगळे आणि मोजायची सुरुवातही वेगळी. विलगीकरण पहिल्या लक्षणापासून मोजायचं, लक्षणं नसतील तर टेस्टच्या तारखेपासून. अलगीकरण शेवटच्या संपर्काच्या दिवसापासून. घरात भाऊ पॉझिटिव्ह असेल आणि दोघं एकाच खोलीत झोपत असतील, तर संपर्क रोजच होतो आहे, मोजणी सुरूच होत नाही. हे समजावून सांगायला मला अक्षरशः कागदावर कॅलेंडर काढावं लागायचं.

किती दिवस, हा आकडा मंडळाच्या नियमावलीत कायमचा लिहू नका. केंद्राच्या गृह विलगीकरणाच्या सूचनाच पाहा. मे २०२० मध्ये १७ दिवस होते. जुलै २०२० पासून १० दिवस झाले, त्यात शेवटचे तीन दिवस ताप नसावा अशी अट. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनच्या वेळी ७ दिवस झाले, तापाची अट तीच. संपर्कातल्यांचे १४ दिवस ७ वर आले. विषाणू बदलला, लस आली, माहिती वाढली, म्हणून आकडे बदलले. ज्या मंडळांनी पहिला आकडा फ्लेक्सवर छापून लावला, ती वर्षभर त्याच फ्लेक्सला चिकटून बसली. तुम्ही एवढंच लिहा: "शासनाने किंवा पालिकेने त्या वेळी सांगितलेले दिवस हे कमीत कमी. संघटनेचे दिवस जास्त असतील तर संघटनेचे. मंडळ यापेक्षा कमी करणार नाही." आणि चालू आकड्याचं एक पान वेगळं ठेवा, खाली तारीख घालून. ते पान कोण बदलणार, त्याचंही नाव लिहा.

शासनाचा आदेश नसेल, म्हणजे आजच्यासारखी परिस्थिती असेल, तर मी मंडळांना सांगतो ते असं. ताप असताना कोणीही येणार नाही. औषध न घेता पूर्ण एक दिवस ताप नसला आणि इतर त्रास उतरणीला लागला, तर घराबाहेर पडायला हरकत नाही. पण मॅटवर अंगाला अंग लावून खेळायला आणखी पाच दिवस थांबायचं. हे पाच दिवस काहींना जास्त वाटतील. कबड्डीसाठी मी ते कमी करणार नाही, आणि त्याचं कारण आपल्या खेळातच आहे.

चढाईपटूला दम घुमवावा लागतो. तीस सेकंद 'कबड्डी कबड्डी', पंचांना ऐकू जाईल अशा आवाजात. समोर हातभर अंतरावर सात जण, साखळी धरून, तोंडं उघडी, धापा टाकत. पकड झाली की चार-पाच जण एकावर एक पडतात आणि सगळ्यांची तोंडं एकमेकांच्या गळ्याशी असतात. कोविड मुख्यतः श्वासाच्या हवेतून पसरतो. मोठ्याने बोलण्याने आणि जोरजोरात श्वास घेण्याने तो जास्त बाहेर पडतो. त्यात हॉल बंद, पंखे फक्त आतली हवा फिरवणारे. याहून सोयीची जागा विषाणूला कुठे मिळणार?

दक्षिण कोरियातल्या चनान शहरात फेब्रुवारी २०२० मध्ये झुंबासारख्या नृत्य-व्यायामाच्या वर्गांमधून १२ व्यायामशाळांशी जोडलेल्या ११२ जणांना लागण झाली. लहान खोल्या, मोठं संगीत, जोरकस हालचाल. त्यांच्यातलीच एक शिक्षिका योग आणि पिलाटेस शिकवायची, सात-आठ जणांचा वर्ग, हालचाल संथ. तिलाही लागण होती, पण तिच्या वर्गातल्या कोणालाच झाली नाही. अमेरिकेत फ्लोरिडातल्या टॅम्पा भागात जून २०२० मध्ये एक हौशी आइस हॉकीचा सामना झाला. एक खेळाडू दुसऱ्या दिवशी आजारी पडला, आणि पाच दिवसांत मैदानावरच्या २२ पैकी १४ खेळाडूंना लक्षणं दिसली. सामन्याच्या दिवशी तो खेळाडू बरा होता, म्हणजे गेटवर कोणतीही थर्मल गन त्याला पकडू शकली नसती. लक्षणं दिसण्याच्या साधारण दोन दिवस आधीपासून माणूस पसरवू शकतो.

त्यामुळे तुमच्या जुन्या नियमावलीतली थर्मल गन काढून टाका. फवारणीही. मॅट रोज साबणाच्या पाण्याने पुसा, ते त्वचेच्या आजारांसाठी हवंच आहे. पण हायपोक्लोराइटच्या (फवारणीच्या जंतुनाशकाच्या) कॅनवर खर्च करू नका आणि माणसांवर तर काहीही फवारू नका. एप्रिल २०२० मध्येच आरोग्य मंत्रालयाने ते करू नये असं सांगितलं होतं, तरी सॅनिटायझर टनेल उभे राहिलेच. त्या पैशात हॉलला दोन एक्झॉस्ट पंखे बसवा. एका बाजूच्या खिडक्या सताड उघड्या आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारे पंखे. उदबत्ती लावून बघा, धूर कुठे जातो ते. तो हॉलच्या मध्येच घुटमळत असेल, तर श्वासही तिथेच घुटमळतोय. साथ जोरात असेल तेव्हा सराव उघड्या मैदानावर मातीत न्या. आपला खेळ मातीतच वाढला आहे.

बॅचची रचना हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित उपाय. तीन बॅच आहेत ना? मग मुलं पक्की वाटून टाका. सहाच्या बॅचचा मुलगा आज सातला आला, असं चालणार नाही. दोन बॅचच्या मध्ये पंधरा मिनिटं हॉल रिकामा ठेवा. हजेरी तारखेप्रमाणे, बॅचप्रमाणे लिहा, कारण सरकारी व्याख्येत अमुक अंतराच्या आत अमुक मिनिटं वगैरे जे होतं, ते कबड्डीत मोजत बसायची गरजच नाही. लक्षणांच्या दोन दिवस आधीपासून त्या बॅचमध्ये मॅटवर जो जो होता, तो संपर्कातला. पक्की हजेरी असेल तर एका पॉझिटिव्हमुळे वीस मुलं घरी बसतात. ती नसेल तर साठ बसतात, आणि मग पुढच्या वेळी कोणी सांगत नाही.

चाचणीबद्दल. आरटी-पीसीआर अगदी थोडा विषाणूही पकडते, म्हणून निदानाला उत्तम. पण बरा झालेला माणूस काही आठवडेसुद्धा तिच्यावर पॉझिटिव्ह येऊ शकतो, जरी तो आता कोणाला देत नसला तरी. म्हणून 'निगेटिव्ह रिपोर्ट आणल्याशिवाय प्रवेश नाही' हा नियम चुकीचा. विलगीकरणाचे दिवस भरले की पुन्हा टेस्टची गरज नाही, असं केंद्राच्या सूचनांतही होतं. तरी मंडळांनी पोरांना दोन-दोन, तीन-तीन टेस्ट करायला लावल्या. सुरुवातीला खासगी लॅबमध्ये एक टेस्ट ४,५०० रुपयांना पडत होती. मार्च २०२१ च्या अखेरीस राज्याने ती ५०० वर आणली, पण रिक्षा चालवणाऱ्या बापाला ते ५०० देखील दोनदा देणं परवडत नाही.

अँटिजेन टेस्टचं उलटं. विषाणू भरपूर असेल तेव्हाच ती पॉझिटिव्ह येते, म्हणजे पॉझिटिव्ह आली तर बहुतेक खरी, निगेटिव्ह आली तर विश्वास ठेवायचा नाही. लक्षणं असलेल्या मुलाची अँटिजेन निगेटिव्ह आली, तर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) पहिल्यापासून सांगितलं होतं की आरटी-पीसीआर करा. घरच्या घरी करायची किट मे २०२१ मध्ये मंजूर झाली, पुण्याच्या कंपनीची, २५० रुपयांना. तिचा उपयोग असा करा: लक्षणं दिसली त्या दिवशी एक, ४८ तासांनी दुसरी, आणि मधले दोन दिवस घरी. दोन्ही निगेटिव्ह आल्या आणि ताप गेला, तर साधा सर्दीताप समजून वर सांगितलेला नियम लावा. संपर्कातला, पण लक्षणं नसलेला मुलगा असेल तर ४८ तासांच्या अंतराने तीन. पहिल्याच दिवशी टेस्ट करून "निगेटिव्ह आहे, येऊ दे" म्हणणारे पालक असतातच. त्यांना शांतपणे सांगायचं की आत गेलेला विषाणू टेस्टमध्ये दिसण्याइतका वाढायला दोन-चार दिवस लागतात.

स्पर्धेआधीचा ७२ तासांचा रिपोर्टही काढा. तीन दिवसांपूर्वी निगेटिव्ह असलेला मुलगा आज पॉझिटिव्ह असू शकतो. शिवाय मोबाइलवर तारीख बदललेले रिपोर्ट मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत. त्यापेक्षा स्पर्धेच्या दिवशी सकाळी, मैदानावर, तुमच्या डोळ्यांसमोर अँटिजेन करा. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळाडूंची रोज लाळेची अँटिजेन टेस्ट होत होती, ती याच विचाराने. रोज करणं तुम्हाला झेपणार नाही आणि गरजही नाही. पण साथ चढणीला असेल आणि स्पर्धा घ्यायचीच असेल, तर खर्चाच्या अंदाजपत्रकात ट्रॉफीच्या वरती किटची ओळ लिहा. प्रो कबड्डीचा आठवा हंगाम डिसेंबर २०२१ पासून बेंगळुरूच्या एकाच हॉटेलात, प्रेक्षकांविना झाला. तसलं बबल, म्हणजे बाहेरच्या कोणाशी संपर्क न येऊ देणारी बंदिस्त व्यवस्था, मोठ्या पैशावर उभं राहतं. गल्लीतल्या मंडळाने त्याची नक्कल करू नये. मुलं रात्री घरीच झोपणार असतात.

आणि घर हाच खरा अवघड भाग आहे. गृह विलगीकरणाला स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र संडास हवा, असं कागदावर होतं. तुमची निम्मी मुलं दहा बाय बाराच्या खोलीत सहा जणांत राहतात आणि संडास मजल्याच्या टोकाला, आठ घरांत एक. अशा घरातल्या मुलाला "घरीच थांब" सांगणं म्हणजे त्याच्या आजीला धोक्यात घालणं. धारावीत, वरळीत पालिकेने माणसं शाळांमध्ये, हॉलमध्ये नेली ती यासाठीच. तुमच्या विभागात अशी सोय कोणती आहे, वॉर्डच्या आरोग्य अधिकाऱ्यांचा नंबर काय, हे आजच वहीत लिहून ठेवा. केंद्र नसेल तर मंडळ काय करू शकतं? आजी-आजोबांची आठ दिवस दुसऱ्या नातेवाइकांकडे किंवा शेजारच्या रिकाम्या खोलीत सोय लावू शकतं. दोन वेळचा डबा दाराशी ठेवू शकतं. चांगले मास्क, एक पल्स ऑक्सिमीटर, एक थर्मामीटर देऊ शकतं. रोज संध्याकाळी ताईंचा एक फोन करू शकतं: आज ताप किती, श्वास कसा, जेवलास का. ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा आकडा ९४ च्या खाली गेला, किंवा सहा मिनिटं चालल्यावर आकडा तीनने खाली आला, तर फोन ठेवून सरळ रुग्णालय. २०२१ मध्ये या सहा मिनिटांच्या चालण्याने मी कितीतरी माणसं वेळेत दाखल होताना पाहिली, ज्यांना बसल्या जागी काहीच त्रास वाटत नव्हता.

परत आल्यावर पहिल्याच दिवशी सामना खेळवू नका. पोरगा म्हणेल मी फिट आहे, त्याच्या बोलण्यावर जाऊ नका. पहिले दोन दिवस चालणं आणि हलकं ताणणं. मग हळू धावणं, मग दंड-बैठका नेहमीच्या निम्म्या. त्यानंतर एकट्याने पायांची हालचाल, मग कोणाला न शिवता रिकाम्या मॅटवर चढाई, आणि शेवटी पकड. प्रत्येक पायरीला निदान एक दिवस. काल केलेल्याचा आज जास्त थकवा आला, तर एक पायरी खाली. माझी स्वतःची एक साधी कसोटी आहे: रिकाम्या मॅटवर पूर्ण तीस सेकंदांची चढाई करायला लावतो, दम खणखणीत घुमवत. आवाज मध्येच फाटला, खोकला आला, किंवा संपल्यावर दोन मिनिटांत श्वास जागेवर आला नाही, तर अजून आठवडा पकडीत उतरवत नाही. छातीत दुखणं, धडधड, चक्कर, खेळताना डोळ्यांसमोर अंधारी, यांतलं काहीही झालं तर सराव बंद, ईसीजी आणि डॉक्टर. या आजारात क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि ती आली तर तीन ते सहा महिने खेळ बंद ठेवावा लागतो. लहान मुलांच्या बाबतीत, आजार होऊन दोन ते सहा आठवड्यांनी पुन्हा जोराचा ताप, लाल डोळे, अंगावर पुरळ, पोटदुखी दिसली तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञ.

शेवटचं कलम प्रशिक्षकांसाठी. तेच नियम त्यांनाही, एक दिवसही कमी नाही. आणि तिन्ही बॅचसाठी पर्यायी प्रशिक्षकाचं नाव आजच लिहून ठेवा, नाहीतर घसा बसलेला असताना "मी नसलो तर सराव कोण घेणार" म्हणत तेच आधी हॉलमध्ये येतील. आमच्याकडे तसं दोनदा झालं आहे.